चूक क्रमांक सात

शनिवारी संध्याकाळी साडेसातला ‘मागचं स्टेशन’ या नव्या मालिकेचा पहिला भाग लागणार होता, आणि झरीतल्या कडूबाईच्या घरी सातलाच भाकरी उरकल्या होत्या. मालिका चालू असताना त्या घरात कुणी जेवत नाही, कुणी पाणी मागत नाही आणि जाहिराती लागेपर्यंत शक्यतो कुणी खोकतही नाही. ही शिस्त निव्वळ हौसेची म्हणता येणार नाही. कडूबाई गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची सांगणारी होती. ज्यांच्या आळीत त्या वेळी लाईट नसते, ज्यांचं रिचार्ज संपलेलं असतं किंवा ज्यांच्या घरी रिमोट नवऱ्याच्या ताब्यात असतो, त्या सगळ्यांना काल काय झालं ते ती दुसऱ्या दिवशी वेचता वेचता सांगायची. तिच्या वाट्याची पात, म्हणजे कापसाची ओळ, शेजारच्या दोघी मिळून वेचून द्यायच्या. गोष्ट रंगली की हात भराभर चालतात हे शेताच्या मालकालाही कळून चुकलं होतं, त्यामुळे सत्तरीतली बाई नुसतं तोंड चालवत शेतातून फिरते म्हणून त्यानं कधी कुरकुर केली नाही.

तिची नात अपेक्षा एका अर्थी त्याच कामात होती. चोवीस वर्षांची ही पोरगी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून काम करायची. नवी मालिका लागली की प्रेक्षक मोबाईलवर जे जे लिहितात ते वाचायचं, ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ आणि ‘चुका’ अशा तीन रकान्यांत लावायचं आणि अहवाल पाठवायचा. कडूबाईला ही नोकरी अजून पचलेली नव्हती. लोकांचं बोलणं ऐकून घ्यायचा पगार मिळत असता तर आपण कधीच दोन मजली माडी बांधली असती, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना तिच्या तोंडावर नातीचं कौतुक मात्र मावत नसे.

पुण्याहून कंपनीतल्या जीवन सरांचा फोन कधीही येई, म्हणून अपेक्षाच्या उजव्या कानात दिवसभर ब्लूटूथचं पांढरं बोंड असायचं. बोंड हा शब्द कडूबाईचा. डाव्या कानातलं मागच्या दिवाळीत वेचणीच्या शेतात पडलं ते परत सापडलं नाही. बहुतेक कापसाबरोबर सेलूच्या जिनिंगमध्ये गेलं असावं. आता कुणाच्या तरी गादीत गाणी वाजत असतील, हा विनोद कडूबाईनं त्यावर केला होता आणि तो वर्षभर पुरवून पुरवून वापरला होता.

टीव्हीच्या वर भिंतीला एकच फोटो होता, अपेक्षाच्या आईचा. कोकिळा दोन हजार तीनच्या हिवाळ्यात तापानं गेली तेव्हा अपेक्षा सव्वादोन वर्षांची होती. बापानं पुढं दुसरं लग्न केलं आणि कडूबाईनं नातीला आपल्याकडं आणलं. फोटो कोकिळा जायच्या तीन आठवडे आधी, बाजारात आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला. त्यात कडेवरची अपेक्षा टक लावून समोर बघते आहे, आणि आई ऐन वेळी लेकीकडं वळल्यामुळं हललेली. हिरवी साडी दिसते, बांगड्या दिसतात, तोंडाच्या जागी नुसतं पुसट काहीतरी आहे. दुसरा फोटो नाही. अपेक्षानं लहानपणी तो भिंगातून पाहिला होता. मोठेपणी मोबाईलवर घेऊन नीट करून पाहिला, तर मोबाईलनं कुणातरी भलत्याच बाईचं गुळगुळीत तोंड तिथं बसवलं, ते तिनं तिथल्या तिथं पुसून टाकलं. आपल्या आईचं तोंड आपल्याला माहीत नाही, हे तिला रोज लागत नसे. लागलं की मात्र दोन दोन दिवस तिचं कशात लक्ष नसायचं.

तर साडेसातला मालिका सुरू झाली. सहा-सात बाया जमल्या होत्या. शेजारची मनिषा मावशी होती, कोकिळेची लहानपणापासूनची मैत्रीण. तिची बारावीतली ऋतिका होती. वेचणीच्या टोळीची मुकादम धम्मशीला होती आणि टोळीतल्या आणखी तिघी. अपेक्षा नेहमीच्या जागी, धान्याच्या कोठीला पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

गोष्ट तशी सरळ होती. इरा नावाची मुलगी एका लहानशा स्टेशनावर गाडीत बसते, पुढच्या स्टेशनावर उतरते, तर ते तिचं मागचंच स्टेशन असतं, फक्त बावीस वर्षांपूर्वीचं. बाकावर पडलेल्या पेपरवर नोव्हेंबर दोन हजार तीन अशी तारीख असते. इरा घाबरून इकडं तिकडं बघते आणि कॅमेरा सावकाश फिरत जातो. दगडी बाक, कडुनिंब, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला गळका नळ. त्या नळापाशी कॅमेरा चांगला बारा सेकंद थांबला. रिकामा प्लॅटफॉर्म आणि टपटप पडणारं पाणी एवढा वेळ दाखवून काय मिळवलं, असं वाटून अपेक्षानं ‘संथ’ असं टिपून ठेवलं. त्याच वेळी तिच्या हनुवटीला काहीतरी लागलं. पाखरू असेल म्हणून तिनं हात फिरवला.

कडूबाईचं सुपारी चघळणं थांबलं होतं. जाहिराती लागल्या तरी कुणी बोललं नाही, कुणी खोकलंही नाही. मनिषा मावशी उठली आणि कुणाला काही न सांगता घरी गेली. तिच्या चपला दारातच राहिल्या होत्या. ग्रामीण प्रेक्षक पहिल्याच भागात पूर्ण गुंतले, असं अपेक्षानं लिहिलं.

मालिका संपताच लोकांचे अभिप्राय धो धो येऊ लागले. कुणाला इरा आवडली, कुणाला तिचा ठरलेला नवरा पहिल्या दृश्यातच पटला नाही. नगरच्या एका बाईंनी लिहिलं, आम्हालाही दोन हजार तीनमध्ये सोडा आणि परत आणायची घाई करू नका. सेलूचा आदिनाथ नावाचा एक गृहस्थ होता. कालप्रवासाची कुठलीही मालिका लागली की तो वही घेऊन बसत असणार. त्यानं नंबर टाकून चुका काढल्या होत्या. चूक क्रमांक एक, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल आत्ताचं आहे. चूक क्रमांक दोन, मागे मोबाईलचा टॉवर दिसतो. असं करत तो सहावर थांबला होता आणि शेवटी ‘बाकी छान’ असं लिहिलं होतं. अपेक्षाला असली माणसं मनापासून आवडायची. तिनं त्याच्या सहाही चुका रकान्यात उतरवल्या.

मग एका बाईंचा वेगळाच अभिप्राय आला. नळावर बाळाला पाणी पाजणारी ती हिरव्या साडीतली बाई कोण, नाव टाका, नवीन नटी दिसते.

ही बाई दुसरीच मालिका बघून आली, असं म्हणत अपेक्षानं तो बाजूला ठेवला. पाठोपाठ साताऱ्याच्या एका मुलानं तेच विचारलं. मग लातूरहून, मग थेट दुबईहून. काय हसली हो ती, एक वाक्य नाही तिला आणि सगळ्यांना खाऊन गेली. कुणी म्हणालं, इरापेक्षा हिलाच नायिका करा. अपेक्षानं मोबाईलवर तो भाग पुन्हा लावला. बाक, कडुनिंब, नळ. तिथं कुणीच नव्हतं. पुढं सरकवून बघितला, मागं नेऊन बघितला. पाणी टपटप पडत होतं.

नऊच्या सुमाराला जीवन सरांचा फोन आला. कच्चा अहवाल चांगला आहे म्हणाले, फक्त नळावरच्या बाईचा त्यात उल्लेखच नाही, आणि लोकांना सगळ्यांत जास्त तीच आवडली आहे. तिथं कुणी बाई नाही, असं अपेक्षानं सांगितल्यावर ते हसले. तिनं त्या दृश्याचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि खाली विचारलं, यात कुठे आहे?

एका शब्दात उत्तर आलं. ‘मधोमध.’

रविवारी सकाळी दव सुकल्यावर वेचणी सुरू झाली. अपेक्षा मोबाईल घेऊन शेतात गेली. बायांच्या तोंडून चार शब्द घेतले तर अहवालाला जिवंतपणा येईल, असा तिचा विचार होता. खरं म्हणजे रात्रभर मनात घोळणाऱ्या त्या बाईबद्दल तिला इथं विचारून घ्यायचं होतं. झरीतल्या बाया खोटं बोलल्या तरी ते तोंडावर दिसतं, एवढा तिला भरवसा होता.

शेतात शिरताच तिला पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे कडूबाई वेचत होती. कमरेला ओटी बांधून, स्वतःची पात स्वतः धरून, मान खाली घालून ती एकेक बोंड रिकामं करत होती. कुणी तिला गोष्ट सांग म्हणत नव्हतं. एवढ्या बाया शेतात असून पऱ्हाटीची वाळलेली पानं पायाखाली मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. मालक दोनदा बांधावर येऊन बघून गेला, काय बिनसलं ते त्याला कळेना.

अपेक्षानं सगळ्यांना मालिका कशी वाटली म्हणून विचारलं. सगळ्यांनी चांगली हाय म्हणून सांगितलं आणि पुन्हा वेचायला लागल्या. ऋतिकानं तेवढं, नळावरची बाई लय भारी होती, असं म्हणायला तोंड उघडलं, तर मनिषा मावशीनं तिला दुसऱ्या पातीला पाठवून दिलं. अपेक्षानं मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि धम्मशीलाच्या समोर जाऊन उभी राहिली. धम्मशीला मुकादम होती. तिला आडपडदा जमत नसे.

“मावशी, तुमाला नळावर कोण दिसलं?”

धम्मशीलानं हातातला कापूस ओटीत टाकला आणि कडूबाईकडं बघितलं. कडूबाईनं मान वर केली नाही.

“बाई डावखुरी हाय,” धम्मशीला म्हणाली. “लेकरू उजव्या कडंवर घेतलंय अन् डाव्या हातानं पाणी पाजायली. आमच्या टोळीत तशी एकच होती. तिला पात समोरून लावून द्यावी लागायची, न्हाईतर हाताला हात लागायचे.”

ती टोळीतली बाई कोण हे अपेक्षाला विचारावं लागलं नाही. आई डावखुरी होती, हे तिला आईबद्दल माहीत असलेल्या आठ-दहा गोष्टींपैकी एक होतं. ती पातीतून चालत आजीपाशी गेली. कडूबाई कंबर धरून सरळ झाली.

“कोकिळा हाय ती,” ती म्हणाली. “माजी लेक मी वळखणार न्हाई का?”

अपेक्षानं शांतपणे समजावून पाहिलं. सारख्या तोंडाची माणसं असतात. एखादी नटी दिसत असेल तशी. एका घरात एकीनं नाव काढलं की दुसरीलाही तसंच दिसायला लागतं. बोलता बोलता तिचं तिलाच आठवलं की साताऱ्याच्या मुलानं आणि दुबईच्या माणसानं कोकिळेचं नावही ऐकलेलं नाही, आणि मुळात तिथं नटीसुद्धा नाही. तिनं मोबाईल काढला, ते दृश्य लावलं आणि आजीपुढं धरलं. कुठं आहे, दाखव म्हणाली.

कडूबाईनं कापसाच्या काटक्यांनी ओरखडलेलं बोट पडद्यावर ठेवलं, नळाच्या जरा बाजूला. मग बोट हळूहळू सरकायला लागलं. थोडं पुढं गेलं, थांबलं, किंचित खाली आलं, पुन्हा वर गेलं. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. बोट मात्र कुणाच्या तरी मागून चाललं होतं.

“मला दिसत न्हाई, आज्जी.”

कडूबाईचं बोट थांबलं.

“मग तुला काय दिसायलंय?”

“नळ.”

कडूबाईनं पदरानं नातीच्या कपाळावरचा घाम पुसला. हिवाळ्याची सकाळ होती आणि अपेक्षाला दरदरून घाम सुटला होता. आपली आई सगळ्या महाराष्ट्राला दिसते, दुबईला दिसते, आणि आपल्यालाच दिसत नाही, हे तिच्या छातीत येऊन बसलं होतं. हा सगळा भ्रम आहे असं म्हणायची तिची तयारी होती, पण तो आपल्याला का होत नाही याचं तिला रडू येत होतं.

“कशी दिसती, तेवढं तरी सांग,” ती म्हणाली.

ज्या बाईनं तीस वर्षं टोळीला माणसांची नाकं, डोळे, हसणं, मुरडणं सगळं हुबेहूब सांगितलं होतं, तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते सांगून व्हायचं न्हाई माय, असं म्हणून ती खालीच बसली. मग हळूहळू तिनं दुसरंच सांगितलं. फोटोच्या दिवशी फोटोवाल्यानं खुळखुळा वाजवला होता आणि दोन वर्षांची अपेक्षा त्याच्याकडं जी बघत राहिली, ती हलेच ना. कोकिळेला लेकीनं आपल्याकडं बघायला पाहिजे होतं. ती तिच्या हनुवटीला बोट लावून सारखी इकडं बघ, इकडं बघ म्हणत होती, तेवढ्यात फोटो निघाला.

“कालबी तेच करायली ती,” कडूबाई म्हणाली. “हनवटीला बोट लावायली, इकडं बघ म्हणायली. अन् तू आमच्याकडंच बघत बसलीस. तिच्याकडं बघितलंच न्हाईस, माय. तुला कशी दिसंल ती?”

अपेक्षाचा हात आपोआप हनुवटीकडं गेला.

दुपारी घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला. काम होतं, ते करायलाच हवं होतं. अभिप्राय चारपट झाले होते, आणि निम्मे नळावरच्या बाईबद्दलचे होते. बहुतेक सगळ्यांनी मायेनं लिहिलं होतं. कुणाला तिच्यात आपली मोठी बहीण दिसली होती, कुणाला गावाकडची काकू. कोल्हापूरच्या एकीनं लिहिलेलं मात्र वेगळं होतं. ती बाई गोड आहे, पण कडेवरचं बाळ आईकडे एकदाही बघत नाही, सारखं आपल्याकडे बघतं, मला दोनदा टीव्ही बंद करावासा वाटला. अपेक्षानं ते कुठल्या रकान्यात घालावं याचा विचार केला आणि तसंच सोडून दिलं.

संध्याकाळी पाचला तोच भाग पुन्हा लागणार होता. जीवन सरांनी कळवलं की ते फोनवर राहतील, दोघांनी एकाच वेळी बघू आणि नेमकं कोणाला काय दिसतं ते ताडून बघू. हा विचार अपेक्षाला बरा वाटला. त्यात काहीतरी शिस्त होती.

पावणेपाचला बाया जमल्या. काल होत्या त्या सगळ्या होत्या, शिवाय आणखी चौघी-पाचजणी आल्या. खोली भरून गेली. धम्मशीला पाय आखडून उंबऱ्यापाशी बसली, दोघी चुलीकडच्या दारात उभ्या राहिल्या. कोठीपाशी अपेक्षाच्या डाव्या हाताला हातभर जागा मोकळी होती. ऋतिका तिथं बसायला गेली तर कडूबाईनं तिला दंडाला धरून आपल्यापाशी ओढलं आणि मांडीवर बसवलं, एवढ्या मोठ्या पोरीला. मग त्या जागेकडं कुणी गेलं नाही.

मनिषा मावशी काल चपला विसरून गेली होती, आज येताना तिनं वाटीत गूळ आणला होता. तो तिनं फोटोखालच्या फळीवर ठेवला. कोकिळेला शेंगांपेक्षा गूळ आवडायचा, एवढंच ती म्हणाली. हे अपेक्षाला माहीत नव्हतं. आईबद्दलच्या आठ-दहा गोष्टींत एकीची भर पडली.

मालिका सुरू झाली. उजव्या कानात जीवन सरांच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. इरा गाडीत बसली. इरा उतरली. पेपर, तारीख, दगडी बाक.

“आता येईल बघ,” कानात जीवन सर म्हणाले. “कडुनिंब गेला की.”

कडुनिंब गेला. नळ आला.

रिकामा प्लॅटफॉर्म. टपटप पाणी.

अपेक्षा डोळे फाडून बघत होती. तिनं पडद्याचा कोपरान् कोपरा शोधला. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

खोलीत ओल्या सिमेंटचा वास आला, पाणी सांडून वाळत आलेल्या फरशीचा. त्यात खोबरेल तेल होतं, आणि उन्हात तापलेला कापूस.

हनुवटीला बोट लागलं.

पाखरू नव्हतं. बोट होतं. ओलं, थंड, टोकाला खरखरीत. वेचणाऱ्या बाईच्या बोटासारखं.

“दिसली का?” उजव्या कानात जीवन सर विचारत होते. “पडद्याकडे बघ. अगदी मधोमध.”

डाव्या कानात काहीच नव्हतं. तो वर्षभर मोकळा होता. तिथं आता कुणाचा तरी श्वास लागत होता, हळू, हसू दाबून धरल्यासारखा.

बारा सेकंदांतली किती गेली ते तिला कळेना.

तिनं पडद्यावरची नजर काढली आणि मान डावीकडं वळवली.

“अरे,” उजव्या कानातला आवाज म्हणाला, “हे काल नव्हतं,” आणि बंद झाला.

“बघितलं,” कडूबाई म्हणाली. ती टीव्हीकडंच बघत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. “बघितलं गं पोरीनं. बघितलं एकदाचं.”

अपेक्षाला काय दिसलं ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. कडूबाईनंही विचारलं नाही. टीव्हीवर कपड्याच्या साबणाची जाहिरात लागली, तेव्हा अपेक्षा डाव्या हाताच्या मोकळ्या जागेकडं तोंड करून बसली होती, आणि हसत होती. मनिषा मावशीनं तिला जवळ घेतलं, धम्मशीलानं सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि फळीवरचा गूळ त्यात घातला. कालपासून मुक्या झालेल्या बाया एकदम बोलायला लागल्या. कोकिळा कशी भांडायची, कशी रुसायची, कुणाच्या लग्नात नाचली होती. अपेक्षा ऐकत राहिली. आई मिळाली, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यापुढं तिला कशाचाही खुलासा नको होता.

बाया गेल्यावर, दिवेलागणीला, तिनं लॅपटॉप उघडला. सोमवारी सकाळी अहवाल जायचा होता. जीवन सरांचे तीन निरोप पडले होते. पहिल्यात, फोन कट झाला का, असं होतं. दुसऱ्यात, कट नाही झाला, पण तुझा आवाज येत नाही. तिसरा नुकताच आला होता. तुझ्या बाजूनं मघापासून नुसतं नळाचं पाणी ऐकू येतं आहे, तो बंद कर. अपेक्षानं तो दोनदा वाचला. कडूबाईच्या घरी नळ नव्हता, पाणी हापशावरून आणावं लागायचं.

तिनं अभिप्राय उघडले. वर सगळ्यांत नवीन होता तो सेलूच्या आदिनाथचा.

‘आज पुन्हा पाहिला. दृश्य बदललेलं दिसतं आणि छान बदललं आहे. काल ते बाळ सारखं आपल्याकडे बघत होतं, आज त्यानं आईकडे मान वळवली आहे. आई अशी हसली की आमच्या घरात सगळे रडले. आता बाळाची पाठमोरी मान तेवढी दिसते. पण मंडळी, घाई नडली. चूक क्रमांक सात. दोन हजार तीन सालच्या बाळाच्या उजव्या कानात पांढरं ब्लूटूथ कसं? बाकी छान.’

अपेक्षानं ती ओळ चुकांच्या रकान्यात घातली. मग काढली आणि ‘आवडलं’मध्ये नेऊन ठेवली.

मग तिनं उजव्या कानाला हात लावला. कान मोकळा होता.